चारचाकी नसताना घोडेस्वारीचं सामान कसं न्यायचं: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

पुण्यात "गाडी आहे का?" असं विचारलं तर उत्तर स्कूटरबद्दल मिळतं. म्हणून आधीच सांगते, हा लेख ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांच्यासाठी आहे. दुचाकी असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. मी कोथरूडला राहते. चार वर्षं पिरंगुटच्या बाजूला एका तबेल्यात शिकायला जाते आहे. सामान नेता आलं नाही म्हणून माझा एकही तास बुडालेला नाही. पावसामुळे बुडाले, आळसामुळे त्याहून जास्त बुडाले.

आधी सामानाची वाटणी करा

घोडेस्वारी म्हटलं की डोळ्यांसमोर खोगीर येतं आणि लगेच काळजी सुरू होते, की एवढं धूड घेऊन बसमध्ये चढायचं कसं. थांबा. सामान दोन प्रकारचं असतं. घोड्याच्या अंगाला लागतं ते घोड्याचं: खोगीर, त्याखालचा नमदा, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), लगाम, कडियाळं (घोड्याच्या तोंडात बसतं ते), खरारा (अंग घासायचा ब्रश), खूर साफ करायचा आकडा. तुमच्या अंगाला लागतं ते तुमचं: हेल्मेट, बूट, पोटरीवर चढवायचे हाफ चॅप्स, ब्रीचेस म्हणजे स्वारीची घट्ट विजार, हातमोजे. घोड्याचं सामान घोड्यापाशी राहू द्या, तुमचं तेवढं रोज न्या-आणा.

यात नुसती सोय बघितलेली नाही. खोगिराच्या पोटात एक साचा असतो, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा. तबेल्यात त्याला 'ट्री' म्हणतात. त्या साच्याची रुंदी घोड्याच्या खांद्यावरच्या उंचवट्याला जुळावी लागते. अरुंद साचा रुंद पाठीवर ठेवला तर चिमटा बसतो. रुंद साचा अरुंद पाठीवर ठेवला तर तो खाली बसून मणक्यावर टेकतो. दोन्हीकडे पाठ घोड्याची सोलवटते. शिकाऊ माणसाला आज एक घोडा मिळतो, उद्या दुसरा. मग तुम्ही हौसेनं घेतलेलं खोगीर बसवणार कोणावर? नालासाठी घोडं घेऊ नये म्हणतात, मग खोगिरासाठी तर मुळीच नको. पहिलं वर्षभर तबेल्याचं खोगीर वापरा.

आता तुमच्या भागाचं वजन बघा. हेल्मेट अर्धा किलोच्या आसपास, आखूड बूट दीडेक किलो, बाकी कपडे आणि पाण्याची बाटली. सगळं मिळून कॉलेजच्या सॅकमध्ये मावतं. माझ्या पहिल्या महिन्याच्या सॅकमध्ये याशिवाय चामड्याचा साबण, दोन ब्रश, घोड्यासाठी किलोभर गाजरं, फर्स्ट एडचा डबा आणि घोड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. खोगीरभरती हा शब्द कुठून आला असेल हे मला त्या महिन्यात खांद्यानं शिकवलं. गाजरं तबेल्याच्या अलीकडच्या भाजीवालीकडे मिळतात. बाकीचं घरी ठेवा.

हेल्मेट दोन लागतात, एकात भागत नाही

स्कूटरवर जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असतो. घोडेस्वारीचं हेल्मेट वेगळ्या कसोट्यांवर उतरतं: एएसटीएम एफ ११६३, ईएन १३८४, व्हीजी १ किंवा पास ०१५ यांपैकी काहीतरी आतल्या लेबलवर असायला हवं. एकाची खूण दुसऱ्याला चालत नाही. मी सुरुवातीला शहाणपणा करून घोड्याचंच हेल्मेट घालून स्कूटर चालवत होते. नळ स्टॉपच्या सिग्नलला हवालदारसाहेबांनी बाजूला घेतलं, टोपीवजा हेल्मेट निरखलं आणि विचारलं, "ताई, मॅचला निघालात का?" दंड भरला. चूक माझीच होती.

उलट चूक त्याहून वाईट. स्कूटरचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट घालून घोड्यावर बसू नका. जड असतं, बाजूचं दिसत नाही आणि मास्तरांच्या सूचना अर्ध्याच ऐकू येतात.

घोड्याचं हेल्मेट स्कूटरच्या आरशाला लटकवू नका. सीटखालच्या डिकीतही नको. पेट्रोल स्कूटरची डिकी खाली इंजिन असल्यानं चांगली तापते आणि आतला फोम उष्णतेनं खराब होतो. शिवाय अॅक्टिव्हाची डिकी १८ लिटरची. तिच्यात हेल्मेट कोंबायला गेलात तर कडा दबतात. हेल्मेट सॅकमध्ये सर्वांत वर, आत हातमोजे आणि मोजे भरून ठेवा. आणि डोक्यावर असताना जोरात आपटलं, तर बाहेरून कितीही चकचकीत दिसो, ते संपलं. नवीन घ्या. सेकंडहँड हेल्मेट तर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, कारण ते किती वेळा पडलंय हे देणाऱ्यालाही आठवत नसतं.

पिशवी

घोडेस्वारीच्या नावानं मिळणाऱ्या पिशव्या महाग असतात. नाना पेठेत जिथे गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथे दुचाकीची सीट कव्हरं शिवणारे कारागीर बसतात. त्यांच्याकडे हेल्मेट आणि बूट घेऊन जा आणि मापानं रेक्झिनची पिशवी शिवून घ्या. मी खाली बुटांसाठी वेगळा कप्पा ठेवायला सांगितला, कारण तबेल्यातून येताना बुटाच्या तळव्याला काय लागलेलं असतं ते सांगायला नको. त्या कप्प्याला हवेसाठी जाळीची पट्टी लावून घ्या, नाहीतर दोन दिवसांनी चेन उघडवत नाही. दोऱ्या, हुकवाल्या रबरी दोऱ्या आणि जाड प्लास्टिकचा कागद बोहरी आळीत एकाच फेरीत मिळतो. रविवारी सकाळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

रस्ता एकदा मोकळ्या हातानं करून बघा

पहिल्या तासाच्या आधी एकदा सामान न घेता, पण तासाच्याच वेळेला, तबेल्यापर्यंत जाऊन या. स्वारीचे तास बहुधा सकाळी लवकर असतात, कारण ऊन चढलं की घोडा आणि माणूस दोघंही कंटाळतात. आणि गोची तिथेच होते. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. तुमचा तास साडेसहाचा असेल आणि तबेला शहराबाहेर, तर मेट्रो जाताना उपयोगाची नाही, येताना आहे.

मेट्रोच्या दारात बॅग यंत्रातून जाते. खूर साफ करायचा आकडा किंवा लोखंडी रिकिबी (स्वारानं पाय अडकवायच्या कड्या) आत असतील तर पडद्यावर त्या भलत्याच दिसतात. वरच्या कप्प्यात ठेवा आणि विचारायच्या आधीच "घोडेस्वारीचं सामान आहे, दाखवू का?" म्हणा. लांब चाबूक नेऊच नका, तबेल्यात असतो.

पीएमपीच्या बसचं तंत्र वेगळं. बस जिथून सुटते तिथून चढा, मधल्या थांब्यावरून नाही. कोथरूड डेपो किंवा मनपाला दहा मिनिटं आधी पोचलात तर खिडकीची जागा मिळते आणि सॅक मांडीवर राहते. मधल्या थांब्यावर चढलात तर सॅक पाठीवर, आणि मागच्या माणसाच्या नाकाशी तुमचे बूट. भांडणं अशीच सुरू होतात.

तळेगावच्या बाजूला शिकायला जाणाऱ्यांची माझ्यापेक्षा चैन आहे. लोणावळा लोकलनं थेट तळेगाव स्टेशन गाठता येतं. कोथरूडहून जायचं तर वनाजला मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय स्थानकात बदला, पुढच्या शिवाजीनगरला उतरा आणि तिथून लोकल पकडा. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.

शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला रिक्षा लागतेच. एखाद्या रिक्षावाल्या दादांशी ओळख करून ठेवा. आमच्या फाट्यावरचे दादा आता मी दिसले की न विचारता रिक्षा वळवतात आणि रोज एकच प्रश्न विचारतात: "आज पडलात का?"

खोगीर न्यायची वेळ येतेच

वर्ष-दोन वर्षांनी कोणी घोडा भाड्यानं घेतो, कोणाला मैत्रिणीचं जुनं खोगीर मिळतं, कधी दुरुस्तीला न्यायचं असतं. तेव्हा हा भाग कामी येईल. चामड्याचं साधं खोगीर सहा ते नऊ किलोचं असतं, सिंथेटिक त्याहून हलकं. वजन ही अडचण नाहीच. आठ किलोची गव्हाची पिशवी आपण दळणाला सहज नेतो. अडचण आकाराची आहे. खोगिराला सपाट बाजू अशी नसतेच, आणि त्याचा साचा वाकडा दाब पडला तर मोडू शकतो. मोडलेला साचा बाहेरून दिसत नाही. तो घोड्याला आधी कळतो.

निघायच्या आधी खोगीर उघडं करा. दोन्ही रिकिबी पट्ट्यांसकट सरकवून काढा, तंग सोडवा. सगळं वेगळं, जुन्या मोज्यांत गुंडाळून. रिकिबी तशाच लटकत ठेवल्या तर प्रत्येक खड्ड्याला त्यांचं लोखंड चामड्यावर आपटतं, आणि खड्डे पुण्यात किती हे तुम्हाला माहीत आहे. मग साचा तपासा. खोगिराचा पुढचा उंच भाग मांडीला टेकवून मागचा भाग दोन्ही हातांनी हळू स्वतःकडे ओढा. थोडी लवचीक दाद काही खोगिरं देतात, ते ठीक. पण मधोमध घडी पडल्यासारखं वाकलं किंवा आत करकरलं तर काहीतरी बिघडलंय. पोचल्यावर पुन्हा हीच तपासणी करा. म्हणजे वाटेत काय झालं यावर वाद होत नाही.

आता गुंडाळणं. बबल प्लास्टिक वगैरेच्या मागे लागू नका. सोलापुरी चादर घ्या, जुनी, धुवून मऊ झालेली. चादर दुहेरी घालून खोगीर मधोमध ठेवा. पोटातल्या पोकळीत टॉवेलाची गुंडाळी भरा म्हणजे दोन्ही बाजू आत दबत नाहीत. समोरासमोरची टोकं बसायच्या जागेवर आणून गाठ मारा, मग उरलेली दोन. आजी लग्नाला जाताना बांधायची तसंच गाठोडं. वरची गाठ हातात धरायला येते आणि चामड्याला कुठे घासत नाही.

धरायची पद्धत: चादरीत नसेल तर हात कोपरापर्यंत पोकळीखालून घाला, पुढचा भाग कोपराकडे, मागचा पंजाकडे. हातच घोड्याची पाठ झाला असं समजा. खाली ठेवताना पुढच्या टोकावर उभं करून मागची कड भिंतीला टेकवा, मध्ये कापड. आडवं, एका बाजूवर कधीच नाही. आणि सपाट ठेवून त्यावर बॅग तर नाहीच नाही.

हे शेवटचं वाक्य मी अनुभवानं लिहिते आहे. पहिल्यांदा खोगीर बसमधून नेलं तेव्हा ते ड्रायव्हरच्या मागच्या मोकळ्या जागेत उभं केलं आणि निवांत मागे जाऊन बसले. चांदणी चौकाच्या पुढे ब्रेक लागला. खोगीर आडवं झालं आणि कोणाचा तरी तेलाचा भरलेला डबा त्यावर सरकला. साचा वाचला, पण डाव्या बाजूच्या चामड्याला पडलेली वळी आजही तशीच आहे, कितीही तेल चोळा. तेव्हापासून बसमध्ये खोगीर मांडीवर. दोन्ही मांड्यांवर ते घोड्याच्या पाठीवर बसतं तसंच बसतं, हलत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र खोगीर चादरीत घेऊन बसमध्ये चढायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चढले. कपड्यात झाकलेलं, छातीशी धरलेलं, दोन फुटांचं काहीतरी. एक आजी जागेवरून उठल्या, मला बसवलं आणि गाठोड्याला हात लावून नमस्कार केला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण मागून कोणीतरी "मोरया" म्हटलं, आणि मग मीही म्हटलं.

स्कूटरवर खोगीर

सर्वांत सुरक्षित उपाय सर्वांत साधा: कोणालातरी मागे बसवा आणि खोगीर त्याच्या मांडीवर, तुमच्या दोघांच्या मध्ये. भाऊ, मैत्रीण, नवरा, जो मोकळा असेल तो. परतीला मिसळ कबूल करा.

एकट्यानं न्यायचं झालं तर पायाशी उभं करण्याचा मोह होतो. करून बघा, पण आधी गाडी स्टँडवर असताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. बहुतेक खोगिरांची मागची कड हँडलला अडते. सरळ रस्त्यावर ते कळत नाही, वळणावर कळतं. अडत असेल तर तो विचार सोडा. मागच्या सीटवर खोगीर स्वारासारखं बसवून बांधता येतं, फक्त हुकवाली रबरी दोरी थेट चामड्यावर टाकू नका. आधी चादर, मग दोरी, आणि हुक गाडीच्या लोखंडात, खोगिराच्या कड्यात नाही. दोऱ्या दोन, एकमेकींना छेदणाऱ्या. पाच मिनिटं चालवून थांबा आणि पुन्हा आवळा, पहिल्या खड्ड्यानंतर दोरी नेहमी सैल होते.

रिक्षात प्रवाशांच्या पाठीमागची जागा दिसते ऐसपैस, पण बऱ्याच रिक्षांचं इंजिन तिथेच खाली असतं. उष्णतेनं चामडं कोरडं पडतं. खोगीर सीटवर शेजारी बसवा. घाई नसेल आणि अंतर मोठं असेल, तर अॅपवरून मालवाहू टेम्पो मागवता येतो. दुचाकीवरच्या डिलिव्हरीनं खोगीर पाठवू नका, ते बांधताना तुम्ही तिथे असता पण वाटेत नसता.

मुंबईला न्यायचं असेल, समजा महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लबची स्पर्धा बघायला किंवा खेळायला, तर रेल्वे सोयीची. बसायच्या सेकंड क्लासला ३५ किलो, एसी चेअर कारला ४० किलो सामान फुकट नेता येतं, म्हणजे वजनाची चिंता नाही. दादरनंतर लोकलच्या गर्दीत मात्र खोगीर घेऊन शिरू नका. टॅक्सी करा, तेवढे पैसे आधीच बाजूला काढा.

जून ते सप्टेंबर

पुण्याच्या पावसात चामड्याचा खरा शत्रू पाणी नव्हे, बुरशी. भिजलेलं चामडं वाळतं. पण ओलं चामडं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं तर तीन-चार दिवसांत त्यावर हिरवट पांढरी लव येते. म्हणून प्लास्टिक फक्त प्रवासापुरतं: आधी चादर, वर बोहरी आळीतला कागद, आणि पोचताक्षणी दोन्ही काढायचं. भिजलं असेल तर कोरड्या फडक्यानं टिपा, सावलीत, वाऱ्यावर ठेवा. उन्हात नाही, हीटरपुढे नाही, गॅसच्या शेजारी तर अजिबात नाही. बुटांमध्ये जुने पेपर कोंबा आणि रात्री एकदा बदला. पूर्ण वाळल्यावरच तेल लावा.

गुळगुळीत तळव्याचे बूट घालून स्कूटर चालवू नका, पावसात पाय टेकला की सरकतो. बूट सॅकमध्ये ठेवा आणि तबेल्यात पोचल्यावर बदला. सामानावरून संसर्गही पसरतो. घोड्यांमध्ये गजकर्णासारखे आजार ब्रश, नमदा आणि तंगावरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एका तबेल्यातले ब्रश दुसऱ्या तबेल्यात नेऊ नका, आणि नमदा घरी धुवायला आणलात तर घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. आधी गच्चीत झटका. वॉशिंग मशीनच्या जाळीत घोड्याचे केस अडकले की घरात जी चर्चा होते ती मी इथे लिहीत नाही.

तबेल्यातली पेटी

घोड्याचं सामान घोड्यापाशी, म्हणजे तिथे तुमची एक पेटी हवी. पत्र्याची ट्रंक घ्या, प्लास्टिकची नको, उंदीर प्लास्टिक कुरतडतात. त्यांना घामाचं खारट चामडं फार आवडतं, म्हणून लगाम आणि तंग ओल्या फडक्यानं पुसून, वाळवूनच आत टाका. ट्रंक थेट जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा. झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवा आणि प्रत्येक वस्तूवर नाव घाला, पट्ट्यांच्या आतल्या बाजूलासुद्धा, कारण तबेल्यात सगळे तंग सारखेच दिसतात. कुलपाची एक किल्ली घोड्यांची निगा राखणाऱ्या मामांकडे द्या. दुसरी घरी आणा, पण ब्रीचेसच्या खिशात नको. मी तशी दोनदा मशीनमध्ये धुतली आहे.